वहीतली हरवलेली नावे

(शताब्दी सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सायंकाळच्या हरिपाठानंतर देवळाच्या मंडपात झालेले मनोगत)





आम्ही कीर्तनकार नाही. आम्हाला चाल लावता येत नाही आणि प्रमाण सांगता सांगता पुढची ओळ विसरते. आम्ही दिंडीचे वहीवाले. एकतीस वर्षे झाली, दिंडीची वही आमच्याकडे आहे. कोण निघाले, कुणी भिशी भरली, कुणाची राहिली, ट्रकचे भाडे किती, टँकर किती, तंबूच्या दोऱ्या कितीच्या, हे लिहायचे आमचे काम. मंडळाने सांगितले की शंभर वर्षांची वाटचाल आणि पुढची वाट यावर दोन शब्द बोला. आम्ही म्हटले, बोलू, पण वहीत जे आहे तेच बोलू. आणि वहीत जे नाही, त्याबद्दलही बोलू. तेच आज जास्त सांगायचे आहे.

दिंडीची सगळ्यात जुनी वही तुम्ही काल प्रदर्शनात पाहिली. अर्धी मोडी, अर्धी बाळबोध. पाने पिवळी पडली आहेत, कडा उंदराने खाल्ल्यात. पहिल्या पानावर अकरा नावे आहेत. खाली खर्च: जोंधळ्याचे पीठ, गूळ, कंदिलाचे घासलेट, बैलगाडीच्या चाकाला वंगण. त्यापुढे आन्यांत हिशेब. अकरा माणसे, एक गाडी, एक वीणा. आज आपल्या दिंडीत तीनशेच्या वर माणूस चालतो, दोन ट्रक असतात, पाण्याचा टँकर असतो. बैलगाडीचा ट्रक झाला, कंदिलाचा दिवा झाला, पण वाट तीच आहे. आळंदी, पुणे, दिवे घाट चढून सासवड, पुढे जेजुरी, वाल्हे, नीरेवर माउलींच्या पादुकांचे स्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरी. हे गाव-मुक्काम आमच्या घरातल्या लहान पोरालाही पाठ आहेत. शाळेतले पाढे चुकतील, हे चुकत नाहीत.

आता तुम्हाला एक रिवाज आठवून देतो. चालणाऱ्यांना तो माहीत आहे, पण जे गावातच राहून वारकऱ्यांची सोय बघतात त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी पालखी तळावर पोचली की सगळ्या दिंड्या भोवती गोळा होतात. टाळ-मृदंगाचा असा गजर चाललेला असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मग चोपदार दंड उंच धरतात आणि एक हाक घालतात. लाखाचा समाज, पण क्षणात चिडीचूप. पाखराचा आवाज ऐकू यावा अशी शांतता. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, काही अन्याय झाला असला, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळे गप्प आणि तेवढी एक दिंडी टाळ वाजवतेच आहे. मग चोपदार तिकडे जातात, विचारपूस होते, गाऱ्हाणे मिटते, तेव्हा तो टाळ थांबतो. त्यानंतर हरवले-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाचे पैशाचे पाकीट. आणि मग आरती.

आम्हाला लहानपणापासून या रिवाजाचे मोठे नवल वाटत आले आहे. देवाची आरती थांबते, पण ज्याचे हरवले त्याची हाक आधी घेतली जाते. ज्याचे गाऱ्हाणे आहे त्याला गप्प केले जात नाही, त्याच्याकडे चालत जातात. ही आपल्या पूर्वजांनी घालून दिलेली शिस्त आहे. ती लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

२०२० साल उजाडले. टाळेबंदी आली. पायी वारी होणार नाही असे कळले, तेव्हा आपल्या गावात कुणी बोलेना. आषाढी एकादशी १ जुलैला होती. माउलींच्या पादुका एसटीने, मोजक्या मानकऱ्यांसह पंढरीला गेल्या. आपण ते टीव्हीवर पाहिले. म्हाताऱ्या माणसांनी टीव्हीला हात जोडले. आम्ही वही उघडून बसलो, पण लिहायचे काय? शेवटी तारीख घातली आणि लिहिले, 'वारी घरी'. त्या वर्षी विणेकरी बाबांनी एक सांगितले होते: रोज सायंकाळी सात वाजता ज्याने त्याने आपापल्या ओट्यावर बसून हरिपाठ म्हणायचा. पहिल्या दिवशी वरच्या आळीतला एक टाळ ऐकू आला, मग खालच्या आळीतला, मग मळ्यातल्या वस्तीवरून. कुणी कुणाला दिसत नव्हते, पण दिंडी चालू होती. आम्हाला वाटले, एका वर्षाचा प्रश्न आहे, निघून जाईल.

२०२१ साल आले आणि त्याने मात्र सगळे मोडून टाकले. त्या दोन वर्षांत आमच्या वहीतली चौदा नावे गेली. सगळीच त्या रोगाने नव्हे. काही वयाने, काही भीतीने अंथरुण धरून, आणि काही कशाने ते कधी कळलेच नाही. त्यांत आमचे धाकटे बंधू होते. तुम्ही सगळे त्यांना ओळखता. सव्वीस वर्षे दिंडीचा पखवाज त्यांच्या गळ्यात होता. वैशाखात ताप आला, दम लागला, गाडी करून शहरात नेले. तीन ठिकाणी जागा नव्हती, चौथ्या ठिकाणी मिळाली. आत जाताना त्यांनी आम्हाला एवढेच सांगितले, "दादा, पखवाजाला ऊन दाखव, पावसाळ्यात पुडी सादळते." नंतर भेट झाली नाही. तोंड बघायला मिळाले नाही, खांदा देता आला नाही. आम्ही कुणाला दोष द्यायला इथे उभे नाही. त्या दिवसांत सगळ्यांचेच हात अपुरे पडले होते. पण पखवाजाला ऊन दाखवले नाही, हा दोष आमचा. आम्हाला त्या खोलीचे दारच उघडवेना.

मंडळी, जून २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली. आळंदीला जी गर्दी लोटली ती तुम्ही पाहिली आहे. लोक रडत होते, हसत होते, एकमेकांच्या पाया पडत होते. आमच्या मनात मात्र दगड होता. आपल्या दिंडीची हजेरी सासवडला होते, कारण पुण्यापर्यंत माणसे येऊन मिळत राहतात. त्या संध्याकाळी पखवाज वाजवायला कोणी नव्हते. हरिपाठ नुसत्या टाळांवर झाला. स्वयंपाकाच्या तंबूत काकी पोळ्या लाटत होत्या. परातीच्या कडेला त्यांनी कणकेचा एक गोळा बाजूला काढून ठेवला होता. तुम्हाला माहीत आहे, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते, त्याशिवाय धुमेला घुमारा येत नाही. आमचे बंधू रोज न विचारता ती कणीक उचलून न्यायचे आणि काकी रोज ओरडायच्या, "मेल्या, पोळ्या कमी पडल्या तर तुझ्या पखवाजाला खाऊ का?" सव्वीस वर्षांच्या सवयीने हाताने गोळा काढून ठेवला आणि न्यायला कोणी आले नाही. काकींनीही तो परत कणकेत मिसळला नाही. रात्रभर तो तसाच, वाळून कडक झाला.

मग आम्ही हजेरी घेतली. आणि आता आम्ही जे केले ते तुमच्यासमोर कबूल करतो. गेलेल्यांची चौदा नावे आम्ही वाचली नाहीत. एक नाव आले की नजर खाली सरकवायची. आम्हाला वाटले, कशाला जखमेवरची खपली काढा? लोक आनंदाने आलेत, त्यांना रडवायचे कशाला? खरे सांगायचे तर आम्हालाच ते एक नाव तोंडातून काढायचे नव्हते. म्हणून बाकीची तेराही गाळली.

दुसऱ्या दिवशी सासवडलाच मुक्काम. सायंकाळी हरिपाठ संपला. विणेकऱ्यांनी हात वर केला, टाळ थांबले. एक टाळ थांबेना. सगळ्यांनी वळून पाहिले. बायकांच्या ओळीत काकी उभ्या होत्या. डोळे मिटलेले आणि हातात नवऱ्याचे टाळ. ते आप्पा, चाळीस वर्षे रथामागे आपल्या दिंडीत पहिल्या ओळीत चालले, ते त्या चौदांत होते. कुणीतरी म्हटले, "काकी, झाला हरिपाठ." टाळ चालूच. तेव्हा विणेकरी बाबांच्या ध्यानात आले. ते स्वतः चालत तिच्यापाशी गेले, वाकून नमस्कार केला आणि विचारले, "माउली, काय गाऱ्हाणं आहे?"

काकींनी टाळ थांबवले. म्हणाल्या, "आमच्या माणसाचं नाव वहीतनं हरवलंय. कुणाला सापडलंय का?"

मंडळी, आम्ही वही घेऊन उभे राहिलो. पाय कापत होते. आम्ही पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. पहिले नाव घेतले आणि काकी म्हणाल्या, "नुसतं नाव नगं. ते कोण होतं ते सांगा. या पोरांला काय ठाऊक?" खरेच होते. दोन वर्षांत नवी पोरे आली होती. त्यांना ही माणसे म्हणजे नुसती अक्षरे होती. मग ज्याला जे ठाऊक ते त्याने सांगितले. आप्पांचे सांगितले एका टाळकऱ्याने, की ते दिवे घाटात मागे वळून पाहायचे नाहीत आणि दुसऱ्यालाही पाहू द्यायचे नाहीत, "चढताना पुढं बघ" म्हणायचे. एका आजीचे सांगितले तिच्या सुनेने, की सासूने आयुष्यभर छळले पण वाटेत मात्र स्वतःच्या ताटातली भाजी तिला वाढायची, म्हणून ती वारीची वाट बघायची. लोक हसले आणि रडलेही. आमच्या बंधूंचे नाव आले तेव्हा आम्हाला बोलता येईना. काकींनीच सांगितले. कणकेच्या गोळ्याचे सांगितले. सगळा तंबू हसला, आणि वर्षभरात पहिल्यांदा आम्हीही हसलो. त्या रात्री आम्हाला झोप लागली.

तेव्हापासून दर वर्षी सासवडच्या दुसऱ्या रात्री आपल्या दिंडीत गेलेल्यांची नावे घेतली जातात आणि प्रत्येकाचे एक सांगितले जाते. एक नियम केला आहे: खोटे कौतुक करायचे नाही. माणूस रागीट होता तर रागीट म्हणायचे, उधारी बुडवणारा होता तर तेही हसून सांगायचे. मेल्यावर सगळ्यांना संत करून टाकले की माणूस आणखी लांब जातो. तो होता तसा सांगितला की शेजारी येऊन बसतो.

यात आम्ही काही नवे केले नाही. ही आपल्या संप्रदायाची जुनीच रीत आहे. माउलींनी आळंदीत समाधी घेतली, शके १२१८ मध्ये. तो वियोग नामदेवरायांनी अभंगांत सांगून ठेवला. तीर्थावळी सांगितली, समाधीचा सोहळा सांगितला, भावंडांचा आकांत सांगितला. जवळचा सखा गेला तर त्यांनीही दार लावून बसायचे ठरवले असते, तर आज सातशे वर्षांनी आपल्याला तो प्रसंग कुठून कळला असता? चोखोबांचे तसेच. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गेले. परंपरा सांगते की नामदेवराय त्यांच्या अस्थी आणायला गेले, तेव्हा त्या ढिगाऱ्यात चोखोबांच्या अस्थी कोणत्या हे त्यांतून उमटणाऱ्या विठ्ठलनामावरून ओळखले. त्या अस्थी पंढरीला आणून महाद्वारापाशी समाधी दिली. ज्याला हयातीत देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्याला शोधायला एक संत ढिगारा उपसत बसला. आमच्या मनात येते, तिथे दबलेल्या बाकीच्या मजुरांची नावे काय असतील? त्यांचे कुणी नामदेव नव्हते.

आणि हाच विचार आम्हाला मुख्य गोष्टीकडे आणतो. या स्मरणिकेसाठी आम्ही सगळ्या जुन्या वह्या काढल्या. चालणाऱ्यांची शंभर वर्षांची यादी करायची होती. पुरुषांची नावे मिळाली, वडिलांच्या नावासकट, आळीसकट. बायकांचे काय? पानापानावर एवढेच: 'बाया ७'. 'बाया १२'. 'हंड्यावाली १'. कुठे 'अमक्याची आई', कुठे 'तमक्याची सून'. ज्यांनी डोक्यावर पाण्याचे हंडे वाहिले, तीन दगडांच्या चुलीवर ओल्या सरपणात धूर खात भाकरी थापल्या, त्यांची नावे नाहीत. आमच्या आधीच्या वहीवाल्यांना दोष देत नाही, कारण आमच्या हातच्या पहिल्या बारा वर्षांतही आम्ही तसेच लिहिले आहे. 'बाया २३'. आमची स्वतःची आई त्या तेवीसांत चालत होती आणि तिचे नाव आम्हाला लिहावेसे वाटले नाही. कशासाठी लिहायचे, आपलीच तर आहे, असे वाटले असेल. आपले असते तेच लिहायचे राहते.

म्हणून स्मरणिकेच्या शेवटी जी यादी छापायची आहे, तिच्यात आम्ही ओळी मोकळ्या सोडायला सांगितल्या आहेत. छपाईवाले म्हणाले, कोरी जागा वाईट दिसते. आम्ही म्हटले, दिसू द्या. घरी गेल्यावर आपापल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तुमची पणजी चालत होती का? तिचे नाव काय? माहेरचे काय? वारीत तिचे काम काय होते, ती कशावरून हसायची, कशावरून भांडायची? जे सापडेल ते त्या ओळीवर पेनाने लिहा आणि आम्हालाही आणून द्या. हे काम लवकर करा. ज्यांना ही नावे ठाऊक आहेत ते ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या वारीला विचारू म्हणाल, तर पुढच्या वारीला सांगणारा असेलच असे नाही. ते आम्ही २०२१ साली शिकलो.

आता पुढच्या वाटेचे थोडके बोलतो. गावात बसून लोक म्हणतात, दिंडी कशी टिकणार? पोरे कंपनीत गेली, शेतीत राम नाही, सुट्टी मिळत नाही. आम्हीही तेच म्हणायचो. आणखी एक म्हणायचो, ते आज मागे घेतो. पुण्या-चाकणहून येणाऱ्या पोरांना आम्ही 'शनिवार-रविवारचे वारकरी' म्हणून हिणवायचो. पुणे ते सासवड चालायचे, फोटो काढायचे आणि सोमवारी कामावर. पण त्यांतलाच एक पोरगा, रात्रपाळी करून थेट दिवे घाटाच्या पायथ्याशी येऊन मिळतो. गेल्या वर्षी तो स्वयंपाकाच्या तंबूत आला आणि काकींना म्हणाला, "आजी, थोडी कणीक देता का?" काकींनी त्याच्याकडे पाहिले आणि न बोलता गोळा काढून दिला. खोलीतला पखवाज आम्ही त्याआधीच बाहेर काढला होता. पुडी खराब झाली होती, नवी चढवून आणली. पोराचा हात अजून कच्चा आहे. दोन चाली बऱ्या वाजवतो, तिसरीला टाळकरी त्याच्यापुढे पळतात. बंधू असते तर कानाला धरले असते. पण धुमेला घुमारा आला, एवढे खरे.

आशा म्हणजे काय, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. मृगाचा पाऊस पडला की आपण घाईघाईने पेरतो आणि पताका खांद्यावर घेऊन निघतो. पेरलेले उगवेल का, पाऊस ताण देईल का, पाखरे टिपतील का, हे बघायला आपण बांधावर थांबत नाही. घरच्यांवर, शेजाऱ्यांवर आणि पांडुरंगावर टाकून निघतो. काल्यानंतर परत येतो तेव्हा काही वर्षी रान हिरवे असते, काही वर्षी दुबार पेरणी करावी लागते. दोन्ही आपण पाहिले आहे. तरी पुढच्या वर्षी पेरायचे आणि निघायचे थांबले नाही. दिंडीचेही तसेच आहे.

वही यंदा आम्ही खाली ठेवतो आहोत. बारीक अक्षर दिसत नाही. काकींची नात अकरावीत आहे, तिचे अक्षर चांगले आहे आणि ती नाव गाळत नाही. बाईमाणसाकडे वही कशी, असे दोघा-तिघांनी विचारले. आम्ही त्यांना 'बाया २३' चे पान दाखवले. नवी वही आणली तेव्हा त्या मुलीने विचारले, "आबा, गेलेल्यांसाठी किती पानं सोडू आणि येणाऱ्यांसाठी किती?" आम्ही म्हटले, "मधे रेघ मारू नको. एकाच ओळीत लिही. जसे चालतात तसे."

एवढेच सांगायचे होते. मोकळ्या ओळी विसरू नका. आणि सासवडला हजेरीत आमच्या तोंडून किंवा त्या पोरीच्या हातून कुणाचे नाव राहिले, तर टाळ थांबवू नका.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. रामकृष्ण हरी.